यशवंत जोतीराव फुले

डॉ. यशवंत जोतीराव फुले (जन्म : १८७४, पुणे, मृत्यू : १९०५) हे लष्करी सेवेतील डॉक्टर आणि महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र होते. फुले दांपत्याने पुण्यात चालवलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात त्यांचा जन्म झाला. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचे ते अपत्य होते. वैद्यकीय शिक्षण घेऊन ते लष्करात रुजू झाले. १८९७ च्या प्लेगच्या साथीत त्यांनी सावित्रीबाईंच्या बरोबरीने पुण्याजवळ रुग्णांवर उपचार केले. जोतीरावांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये यशवंत यांनी प्रकाशित केला.

ज्या काळात निराधार मुलाची जबाबदारी घेणारा कायदा मुंबई इलाख्यात नव्हता आणि संस्थेत जन्मलेल्या मुलाला कुळ, जात व वारसा यांपैकी काहीच मिळत नसे, त्या काळात असे मूल घर, नाव, शिक्षण आणि सरकारी पेशा मिळवू शकले, याचे हे आरंभीचे व नोंद झालेले उदाहरण आहे. फुले यांच्या चरित्रग्रंथांत यशवंत यांचा उल्लेख बहुधा दत्तकविधानापुरता येतो. त्यांच्या आयुष्यातून मात्र दत्तकाचा कायदा, विधवांचे प्रश्न, सत्यशोधक विवाहपद्धती आणि प्लेगकाळातील आरोग्यसेवा अशा अनेक विषयांवर प्रकाश पडतो.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ब्राह्मण व काही इतर जातींमध्ये विधवांना पुनर्विवाहाची मुभा नव्हती. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली, तरी प्रत्यक्षात असे विवाह फारच थोडे झाले. बालविवाहाच्या प्रथेमुळे अनेक मुली वयात येण्यापूर्वीच विधवा होत. केशवपन, एकभुक्त राहणे आणि सासरच्या घरी राबणे हे त्यांच्या वाट्याला येई. घरातील किंवा नात्यातील पुरुषाकडून अशी स्त्री गरोदर राहिली, तर गर्भपात, बालहत्या किंवा आत्महत्या यांखेरीज तिच्यापुढे मार्ग उरत नसे. कायद्याच्या दृष्टीने बालहत्या हा खुनाचा गुन्हा होता. मात्र त्या स्त्रीला त्या स्थितीत लोटणारा पुरुष सहसा न्यायालयापर्यंत येत नसे.

जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकाचे काम करीत होती. तिने समाजाच्या भीतीने आपल्या नवजात अर्भकाला मारले. या गुन्ह्याबद्दल तिला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानला पाठवण्यात आले. या घटनेनंतर १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यातील आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, हा निर्णय त्यांच्या इच्छेवर अवलंबून राहील, अशी जाहिरातपत्रके शहरात लावण्यात आली. बाळंतपण व मुलांचे संगोपन ही कामे मुख्यतः सावित्रीबाई पाहत.

मुंबईचे पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य या विषयांवर टिपणे प्रसिद्ध करून देशभरातून मते मागवली. त्यांना दिलेल्या अभिप्रायात जोतीरावांनी काशीबाईच्या शिक्षेची हकिगत सांगितली आणि तोपर्यंत आपल्या गृहात पस्तीस विधवा बाळंतपणासाठी आल्याचे नमूद केले.

मुंबईच्या प्रार्थना समाजाशी संबंधित मंडळींनी पुढे पंढरपूर येथे याच हेतूने अनाथबालकाश्रम उभा केला. यात्रेच्या निमित्ताने दूरदूरच्या विधवा पंढरपुरात येत व तेथे अर्भके टाकून दिली जात, हे त्या स्थानाच्या निवडीमागील कारण होते. पंढरपूरच्या संस्थेत मुले प्रामुख्याने आश्रमात वाढत. पुण्याचे गृह फुल्यांच्या राहत्या घराचाच भाग होते, आणि हा फरक यशवंत यांच्या बाबतीत महत्त्वाचा ठरला.

जन्म आणि दत्तकविधान

१८७४ मध्ये काशीबाई नावाची दुसरी एक ब्राह्मण विधवा गृहात आली व तिने मुलाला जन्म दिला. फुले दांपत्याला अपत्य नव्हते. त्यांनी हे मूल आपले म्हणून स्वीकारले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. अंदमानला पाठवलेली स्त्री व यशवंत यांची जन्मदात्री यांचे नाव एकच असल्याने काही लेखनात या दोन स्त्रियांची गल्लत होते. पहिलीला शिक्षा झाली ती गृह स्थापन होण्यापूर्वी. दुसरी त्यानंतर सुमारे एका तपाने तेथे आली.

अपत्य नसल्यामुळे दुसरा विवाह करण्याचा आग्रह जोतीरावांना झाला होता. स्त्रीला मूल होत नाही म्हणून पुरुषाने दुसरी बायको करावी, या रूढीला त्यांचा विरोध होता. आपल्याच पुतण्याला दत्तक घेण्याचा रूढ मार्गही त्यांनी अवलंबला नाही. माळी कुटुंबाने ब्राह्मण विधवेच्या, विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाला घेणे हे दोन्ही समाजांच्या दृष्टीने आक्षेपार्ह होते.

कायदेशीर स्थान आणि मृत्युपत्र

फुले यांनी केलेल्या दत्तकाला त्या वेळच्या कायद्याचा भक्कम आधार नव्हता. इंग्रजी न्यायालयांनी लावलेल्या हिंदू कायद्याच्या अर्थानुसार दत्तक देण्याचा अधिकार केवळ आईवडिलांना होता. त्यामुळे अनाथ मूल दत्तक देण्याघेण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. दत्तक मूल घेणाऱ्याच्याच वर्णातील असावे, असाही दंडक होता. दत्तकाचा मुख्य हेतू पितरांना पिंड देणारा पुत्र मिळवणे हा मानला जाई. धार्मिक विधी नाकारणाऱ्या व जन्माधारित वर्ण न मानणाऱ्या सत्यशोधक कुटुंबाची ही चौकट नव्हती.

यामुळे जोतीरावांनी मृत्युपत्राचा मार्ग पत्करला. स्वकष्टार्जित मालमत्ता कोणाला द्यावी हे ठरवण्यास मालक मोकळा होता. जुलै १८८७ मध्ये त्यांनी मृत्युपत्र करून यशवंत यांना आपले वारस नेमले व भाऊबंदांचा आपल्या मालमत्तेवर हक्क नसल्याचे स्पष्ट केले. सावित्रीबाईंनी त्यांचा सांभाळ करावा व त्यांना शिक्षण द्यावे, असे त्यात सांगितले आहे. यशवंत लायक न निघाल्यास शूद्र समाजातील दुसऱ्या लायक मुलाला वारस करावे, अशीही तरतूद होती. यावरून जोतीरावांनी वारशाचा निकष रक्ताचा न ठेवता योग्यतेचा ठेवला, असे अभ्यासक दाखवून देतात. त्याचबरोबर या तरतुदीमुळे घरात वाढलेल्या मुलाचे स्थान सशर्त राहिले, हेही लक्षात घ्यावे लागते. औरस पुत्राला आपली लायकी सिद्ध करावी लागत नसे. यशवंत यांच्याकडून ती अपेक्षा होती.

बालपण आणि शिक्षण

यशवंत यांचे बालपण पुण्यातील गंज पेठेतील घरात गेले. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांचा तेथे राबता होता. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि बांधकामाची कंत्राटेही घेत. चळवळीचे दुसरे केंद्र मुंबई होते. ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक व गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, तसेच कामाठीपुरा परिसरातील तेलुगू भाषक कंत्राटदार यांनी तेथे संघटनेला आर्थिक व वैचारिक बळ दिले. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात झालेल्या सत्कारात जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली.

त्याच वर्षी जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला व त्यांची उजवी बाजू लुळी पडली. कुटुंबाची मिळकत आटली. उपचारांचा व यशवंत यांच्या शिक्षणाचा खर्च भागवणे कठीण झाले. मुंबईच्या प्रार्थना समाजाचे नेते नारायण महादेव ऊर्फ मामा परमानंद यांनी १८९० मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून फुले कुटुंबाला साहाय्य करण्याची विनंती केली. फुले दांपत्याच्या कार्याची, विशेषतः विधवांसाठी सावित्रीबाईंनी केलेल्या श्रमांची, त्यात नोंद आहे. सयाजीरावांकडून पुढे मदत मिळाली.

आजारपणात जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. हा ग्रंथ प्रश्नोत्तरांच्या रूपात असून प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये यशवंत यांचेही नाव येते. तो जोतीरावांच्या हयातीत छापला गेला नाही. १८९१ मध्ये यशवंत यांनी तो प्रसिद्ध केला, तेव्हा ते सतरा वर्षांच्या आसपास होते.

विवाह

यशवंत यांच्या जन्माची हकिगत सर्वश्रुत असल्याने त्यांना मुलगी देण्यास सहसा कोणी तयार होत नसे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली कन्या राधा हिचा विवाह त्यांच्याशी करून दिला. फेब्रुवारी १८८९ मध्ये पुरोहिताविना, सत्यशोधक पद्धतीने हा विवाह झाला. विवाहानंतर राधाचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. विवाहापूर्वी मुलीला फुल्यांच्या घरी आणून सावित्रीबाईंनी तिच्या शिक्षणाकडे लक्ष दिले, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. जातीबाहेर जन्मलेल्या मुलाला समाजात सामावून घेण्यासाठी सत्यशोधक विवाहपद्धती प्रत्यक्ष उपयोगी पडली, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते. लक्ष्मीबाईंचे १८९५ मध्ये निधन झाले.

जोतीरावांचा मृत्यू

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरायचे यावरून वाद उद्भवला. प्रचलित रूढीप्रमाणे जो टिटवे धरतो त्याचा वारसा मानला जाई. भाऊबंदांपैकी पुतण्याने हा मान मागितला व दत्तक पुत्राच्या हक्काला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले व अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. स्त्रीने हा विधी करणे रूढीला सोडून होते. सावित्रीबाईंच्या चरित्रांत हा प्रसंग त्यांच्या धैर्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. यशवंत यांच्या दृष्टीने पाहता, नोंदवलेले मृत्युपत्र असूनही त्यांचे पुत्रत्व स्मशानाच्या वाटेवर पुन्हा वादाचा विषय झाले, असा त्याचा अर्थ होतो.

लष्करी सेवा

वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून यशवंत लष्करात डॉक्टर म्हणून रुजू झाले. तोपर्यंत मुंबई, मद्रास व बंगाल इलाख्यांची सैन्ये वेगवेगळी होती. १ एप्रिल १८९५ पासून ती एका भारतीय सैन्यात विलीन करण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वायव्य सरहद्दीवर या सैन्याच्या मोहिमा सुरू होत्या. पुणे, खडकी व अहमदनगर ही इलाख्यातील महत्त्वाची लष्करी ठाणी होती. पटकी, हिवताप व आमांश यांमुळे सैनिकांचे बळी जात असल्याने छावण्यांतील डॉक्टरांना शांततेच्या काळातही सतत काम असे.

सैन्यातील नोकरीला सत्यशोधक व दलित चळवळींमध्ये वेगळे महत्त्व होते. नियमित पगार, निवृत्तिवेतन आणि शिक्षण या गोष्टी जातीच्या उतरंडीत खालच्या मानलेल्या कुटुंबांना लष्करामार्फत मिळत. सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर हे जोतीरावांच्या विचारांनी प्रभावित होते. महारांची सैन्यभरती बंद करण्यात आल्यावर त्यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज करण्यात पुढाकार घेतला. सामाजिक दर्जा मिळवण्याचा मार्गच बंद होत असल्याची भावना त्यामागे होती. यशवंत यांच्या बाबतीतही डॉक्टरी पेशा व सरकारी हुद्दा यांमुळे त्यांना जन्माच्या प्रश्नापलीकडे स्वतंत्र ओळख मिळाली.

१८९७ ची प्लेगची साथ

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. दाट वस्तीच्या चाळींत साथ झपाट्याने पसरली, गिरण्यांतील कामगार गावी परतू लागले आणि त्यांच्याबरोबर रोगही इलाख्यात इतरत्र पोहोचला. मुंबईत रुग्णसेवा करीत असताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांचा प्लेगने मृत्यू झाला. परळ-लालबागच्या गिरणगावातील कामगार चळवळीचा पाया घालणारा नेता या साथीने हिरावून नेला.

वर्षाच्या आरंभी पुण्यातही प्लेगने उग्र रूप धारण केले. सावित्रीबाईंनी यशवंत यांना बोलावून घेतले. रजा घेऊन ते आले व पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे कुटुंबाच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना सुरू झाला. रुग्णांना शोधून आणण्याचे काम सावित्रीबाई स्वतः करीत. मुंढवे येथील महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे चरित्रकार सांगतात. या कामात त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या काळी प्लेगवर खात्रीचा इलाज नव्हता. प्रतिजैविके उपलब्ध होण्यास अजून अनेक दशके होती, आणि उंदरांवरील पिसवांमार्फत रोग पसरतो हे सर्वमान्य झालेले नव्हते. रुग्णाला वेगळे ठेवणे, पाणी व अन्न देणे, ताप उतरवणे आणि गाठींवर उपचार करणे एवढेच डॉक्टरला शक्य होते. अशा दवाखान्यात काम करणे म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणे होते.

सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या आधिपत्याखाली सैनिकांमार्फत घरोघर तपासणी सुरू झाली. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला त्यासाठी व्यापक अधिकार दिले होते. सैनिकांनी घरात शिरणे, स्त्रियांची तपासणी करणे आणि सामान जाळणे यांमुळे शहरात संताप उसळला. त्याची परिणती २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर केलेल्या हल्ल्यात झाली. एकाच साथीत, एकाच परिसरात लष्कराशी संबंधित दोन अगदी वेगळी चित्रे दिसतात. तपासणी पथकांनी शहरात भीती निर्माण केली, तर रजेवर आलेल्या एका लष्करी डॉक्टरच्या दवाखान्यात सर्व जातींच्या रुग्णांना जागा मिळाली.

अखेरचा काळ आणि कुटुंब

साथीनंतर यशवंत पुन्हा लष्करी सेवेत गेले. लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी त्यांनी चंद्रभागाबाईंशी दुसरा विवाह केला होता. या विवाहातून त्यांना एक मुलगी झाली. १९०५ मध्ये, वयाच्या सुमारे एकतिसाव्या वर्षी, यशवंत यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे कुटुंबाला आधार राहिला नाही. चंद्रभागाबाईंना फुल्यांचे राहते घर अल्प किमतीला विकावे लागले आणि त्यांचे उर्वरित आयुष्य पुण्यात विपन्नावस्थेत गेले. विधवांसाठी ज्या घराचे दार उघडण्यात आले होते, त्या घराच्या वारस विधवेला तेच घर सोडावे लागले. गंज पेठेतील ही वास्तू पुढे राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन करण्यात आली. ती फुलेवाडा किंवा समता भूमी या नावाने ओळखली जाते.

निराधार मुले, शासन आणि कायदा

यशवंत यांच्या जन्माच्या वेळी मुंबई इलाख्यात निराधार मुलांचा सांभाळ हा मुख्यतः धर्मादाय संस्था व मिशनऱ्यांचा विषय होता. सरकारचा संबंध येई तो गुन्हा केलेल्या मुलांपुरता. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ मध्ये बालगुन्हेगारांसाठी सुधारगृह सुरू झाले होते. गुन्हा न केलेल्या, केवळ निराधार असलेल्या मुलाची जबाबदारी शासनाने घ्यावी, हे तत्त्व मुंबई इलाख्यात १९२४ च्या बाल अधिनियमाने कायद्यात आले. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे बालगृह या संस्थेमार्फत चालवले जाऊ लागले.

दत्तकाचा कायदा बदलण्यास याहून अधिक वेळ लागला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने जातीची अट काढून टाकली आणि न्यायालयाच्या परवानगीने पालकालाही मूल दत्तक देण्याचा अधिकार दिला. १९६२ च्या दुरुस्तीने आईवडिलांनी टाकून दिलेल्या मुलांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. फुले दांपत्याने १८७४ मध्ये जे केले, ते निःसंदिग्धपणे कायदेशीर ठरण्यास अशा रीतीने आठ दशकांहून अधिक काळ जावा लागला.

दरम्यान अनेक निराधार मुलांचा सांभाळ कायद्याविना, सामान्य कुटुंबांनीच केला. कवी नारायण सुर्वे (१९२६–२०१०) हे त्याचे मुंबईतील सर्वपरिचित उदाहरण आहे. टाकून दिलेल्या या अर्भकाला गिरणी कामगार गंगाराम सुर्वे व त्यांच्या पत्नी काशीबाई यांनी उचलून घरी आणले, आपले आडनाव दिले व गिरणगावात वाढवले.

महत्त्व

यशवंत फुले यांनी स्वतःच्या आयुष्याविषयी विस्तृत लेखन केलेले नाही. त्यांच्याविषयीची माहिती मुख्यतः जोतीराव व सावित्रीबाई यांच्या चरित्रसाधनांतून मिळते. दत्तकविधान, मृत्युपत्र, विवाह आणि शिक्षण या टप्प्यांवर फुले दांपत्याने घेतलेले निर्णय एकत्र पाहिले असता, संस्थेत जन्मलेल्या मुलाला केवळ जगवून भागत नाही, त्याला नाव, हक्क, जोडीदार आणि उपजीविकाही मिळाली पाहिजे, ही त्यांची भूमिका स्पष्ट होते. त्यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी रूढीशी स्वतंत्र संघर्ष करावा लागला. यशवंत यांच्या अकाली मृत्यूनंतर कुटुंबाची झालेली दुरवस्था पाहता, हे सर्व आधार त्यांच्या हयातीपुरतेच टिकले, असे दिसते. प्लेगच्या साथीतील त्यांच्या रुग्णसेवेमुळे मात्र महाराष्ट्राच्या सामाजिक व वैद्यकीय इतिहासात त्यांना स्वतंत्र स्थान आहे.